हौसेचे दान

आगमनकाळातील दुसरा रविवार. पहाटेची मिस्सा नुकतीच संपली होती. चर्चच्या पटांगणात सव्वीस मोटारसायकली दोन रांगांत उभ्या होत्या. त्यांत बुलेट जास्त, पण शंभर सीसीची साधी गाडी घेऊन आलेलेही चार-पाच जण होते. सर्वांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट होते. समोरच्या गाडीला फलक बांधला होता. फादरांनी प्रार्थना केली, गाड्यांवर आणि आमच्यावर पवित्र पाणी शिंपडले. मग एकदम सव्वीस इंजिने सुरू झाली आणि चर्चच्या कौलांवरची कबुतरे उडाली.

फाटकाशी एक वयोवृद्ध काका उभे होते. मिस्सेहून घरी निघालेले. कानावर हात ठेवून ते म्हणाले, ''दान करायला एवढा आवाज कशाला रे पोरांनो? पेट्रोलचे पैसे पाठवून द्या की तिकडे!''

आम्ही हसलो. कोणीतरी म्हणाले, ''काका, तुम्ही पण बसा मागे.'' काकाही हसले. आम्ही निघालो. पण प्रश्न फाटकापाशी राहिला नाही, तो आमच्या मागच्या सीटवर बसून आला. आज तीन वर्षे झाली, तो अजून उतरलेला नाही. म्हणून हा लेख.

आमचा गट तसा साधाच. वसईतले आम्ही शाळासोबती आणि त्यांचे मित्र. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, दोघांच्या फुलांच्या वाड्या, एक वायरमन, एक सुतार. तिशी ओलांडलेले, काही चाळिशीला टेकलेले. वर्षातून एकदा, नाताळापूर्वी, आम्ही जव्हारच्या पुढे आदिवासी मुलांच्या एका वसतिगृहाला भेट देतो. धर्मभगिनी ते चालवतात. वसईहून महामार्गाने मनोर, तेथून विक्रमगड, मग घाट चढून जव्हार. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. लोकांकडून वर्गणी गोळा करायची, ब्लँकेटे, खाऊ, वह्या घ्यायच्या आणि सर्वांनी मिळून गाड्यांवरून जायचे. ही कल्पना आमची नाही. जगभर असे चालते. २०१२ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला अशीच एक फेरी सुरू झाली. तिच्यात लोक सूट-टाय घालून जुन्या धाटणीच्या मोटारसायकलींवरून निघतात आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावरील संशोधनासाठी व पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसे उभे करतात. आज ती आपल्या देशातील शहरांतही निघते.

ख्रिस्तसभेनेही मोटारसायकलस्वारांकडे कधी पाठ फिरवलेली नाही. उत्तर इटलीत कास्तेलाझ्झो बोर्मिदा नावाच्या गावी मरिया मातेचे एक तीर्थस्थान आहे. १९४७ साली पोप बारावे पायस यांनी तेथील मातेला मोटारसायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून मान्यता दिली. फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतातील पोर्कारो या खेड्यात १९७९ पासून दर १५ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, हजारो स्वार जमतात आणि गाड्यांवर आशीर्वाद मागतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांना २०१३ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनीने एक मोटारसायकल भेट दिली होती. त्यांनी ती स्वतःसाठी ठेवली नाही. तिच्या टाकीवर सही केली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत पॅरिसला तिचा लिलाव झाला. दोन लाख चाळीस हजार युरोंहून अधिक किंमत आली. ते पैसे रोमच्या रेल्वे स्थानकाजवळील बेघरांच्या निवाऱ्यासाठी कारितास संस्थेकडे गेले. आमच्या गटातला एक जण ही गोष्ट नेहमी सांगतो. दुसरा त्याला नेहमी आठवण करून देतो की, सगळ्यात जास्त दान ज्या गाडीने केले ती पोपमहोदयांनी चालवली नव्हती, विकली होती!

असो. काकांच्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्यांदा आम्ही तो हिशेबाचा प्रश्न समजलो, म्हणून हिशेब मांडला. त्या वर्षी लोकांकडून ७१,००० रुपये जमले होते. आमच्या खिशातून गेले ते असे : सव्वीस गाड्यांचे पेट्रोल सुमारे १७,०००, टी-शर्ट ९,१००, वाटेतला नाश्ता आणि परतीचे जेवण ८,०००, फलक १,८००. बेरीज ३५,९००. म्हणजे मुलांसाठी जेवढे जमवले त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक आम्ही आमच्यावर खर्च केले. कागदावर हे आकडे उतरल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

मग वायरमन मित्र म्हणाला, ''पण हे पैसे वसतिगृहाला गेलेच नसते. राइड नसती तर त्या रविवारी आपण दमणला गेलो असतो.'' हे अगदी खरे होते. आमच्यातला प्रत्येक जण वर्षातून दोनदा तरी गाडी घेऊन कुठेतरी जातोच. लोणावळा, दमण, माळशेज. तेव्हा पेट्रोलचे पैसे पाठवून द्या असे काकांनी म्हणणे सोपे आहे, पण ते पैसे दानाच्या पेटीतून काढलेले नव्हते, हौसेच्या पेटीतून काढलेले होते. आणि हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतातच.

कोणीतरी बेथानीच्या मरियेची आठवण काढली. तिने प्रभूच्या चरणांवर उंची सुगंधी तेल ओतले तेव्हा यहूदाने नेमका असाच हिशेब केला होता. तीनशे दीनारांचे तेल, विकून गरिबांना का दिले नाही? योहानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू त्याला गप्प करतो. तेव्हा प्रेमाच्या कृतीचा पैशांत हिशेब करू नये, असा मुद्दा मित्राने मांडला.

आम्हाला तो पटला, आणि घरी गेल्यावर पटेनासा झाला. मरियेने तेल प्रभूवर ओतले होते. आमचे पेट्रोल आम्ही स्वतःवरच ओतले होते. यहूदाच्या तोंडचा प्रश्न असला म्हणून तो विचारणारा प्रत्येक जण यहूदा होत नाही. आमचे काका तर नव्हेतच. ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामासाठी चालत दोन घरे गाठतात, हे आम्हाला नंतर कळले.

तेव्हा प्रश्न हिशेबाचा कमी आणि हेतूचा जास्त होता. एखाद्या कामात आपल्यालाच मजा येत असेल, तर ते दान राहते का?

या प्रश्नावर मोठमोठ्या विचारवंतांचे एकमत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली लिहिलेल्या नीतीविषयक ग्रंथात असा एक माणूस उभा केला आहे की ज्याला दुसऱ्याला सुखी करण्यात मनापासून आनंद वाटतो. कांट म्हणतो, हे वागणे छान आहे, कौतुकास पात्र आहे, पण त्याला खरे नैतिक मोल नाही, कारण तो आपल्या आवडीप्रमाणे वागतो आहे, कर्तव्य म्हणून नव्हे. उलट ज्याचे मन दुःखाने सुकून गेले आहे, ज्याला कोणाविषयी काही वाटेनासे झाले आहे, तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून मदत करतो, त्याच्या कृतीला खरे मोल. कांटच्या कसोटीवर आमची राइड पहिल्याच वळणावर पडते.

त्याच्या दोन हजार वर्षे आधीच्या ॲरिस्टॉटलचे म्हणणे नेमके उलट. ज्याला उदारपणे देण्यात आनंद वाटत नाही त्याला उदार कोण म्हणेल, असे तो विचारतो. सद्गुण अंगी मुरला की आनंद आपोआप येतो, आनंद नसेल तर सद्गुण अजून कच्चा आहे. संत थॉमस अक्वायनस बऱ्याच अंशी याच वाटेने गेला. आणि संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात तर स्पष्टच सांगितले आहे की, कुरकुरत किंवा भीडेखातर देऊ नये, आनंदाने देणारा देवाला आवडतो. आमच्या मते इथे पौल आणि ॲरिस्टॉटल यांची बाजू खरी आहे. आजारी आईची सेवा करणाऱ्या मुलीला त्यात समाधान वाटते म्हणून तिची सेवा उणी होत नाही. कडू तोंडाने दिलेली भाकरी घेणाऱ्यालाही कडू लागते.

इथे आम्ही सुटलो असतो. पण ॲरिस्टॉटलच्याच ग्रंथात पुढे, शेवटच्या भागात, एक मजेदार निरीक्षण आहे. तो म्हणतो, प्रत्येक कामाचा स्वतःचा एक आनंद असतो, तो ते काम अधिक चांगले करवतो. पण परका आनंद त्याच कामात अडथळा आणतो. बासरीवेड्या माणसाशी गंभीर बोलत असताना कुठे बासरी वाजली की त्याचे बोलण्याकडे लक्ष राहत नाही. नाटकाला बसलेले लोक खाऊ केव्हा जास्त खातात? नट वाईट असतात तेव्हा!

हे वाचल्यावर आमच्या प्रश्नाचे रूपच बदलले. आनंद आहे की नाही हा मुद्दाच नव्हता. तो कशाचा आहे हे पाहायला हवे होते. देण्याचा आनंद की गाडी पळवण्याचा? दोन्ही असायला हरकत नाही. पण ज्या क्षणी बासरी वाजेल, त्या क्षणी आपण कोणाकडे कान देतो?

आमच्या बाबतीत बासरी त्याच रविवारी वाजली. ते सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

आम्ही सिस्टरांना दहा वाजता पोचतो असे कळवले होते. साडेसहाला निघालो. महामार्गावर एका हॉटेलात मिसळ खाल्ली. सव्वीस जणांची मिसळ म्हणजे एक तास गेला. मनोरच्या पुढे एकाच्या गाडीची चेन उतरली, त्यात अर्धा तास. ते ठीक, ते कोणाच्या हाती नव्हते. पण पुढे घाटात धुके उतरलेले दिसले आणि कोणाला तरी वाटले की सगळ्या गाड्या ओळीत उभ्या करून फोटो काढावा. एक फोटो होत नसतो. मग जव्हारला पोचल्यावर हनुमान पॉइंट आलाच. तिथल्या दरीकडे तोंड करून, दरीकडे पाठ करून, हेल्मेट घालून, हेल्मेट काढून. कोणी घड्याळ पाहिले नाही असे नाही. पाहिले, आणि म्हणालो, ''पोरेच आहेत, खेळत असतील.''

वसतिगृहाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा पाऊण वाजला होता. नव्वद मुले-मुली धुतलेल्या गणवेशात, केसांना तेल लावून, व्हरांड्यात ओळीने बसली होती. आम्हाला पाहताच त्यांनी टाळ्या वाजवल्या, पाठ केलेले स्वागतगीत म्हटले. आम्ही भारावून गेलो. एक जण तर डोळे पुसत होता. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा तिथल्या बाई भाताचे पातेले झाकत म्हणाल्या, ''साडेनवापासून बसलीत पोरं. पाहुण्यांबरोबर जेवायचंय म्हणून सकाळी नुसता चहा दिलाय.'' त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या नुसते सांगत होत्या.

तरी आम्ही लगेच जेवायला बसलो असे समजू नका. आधी वाटप झाले. फलक भिंतीला बांधला. एकेक मूल पुढे येई, आमच्यातला एक जण ब्लँकेट देई आणि दुसरा फोटो काढी. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचा फोटो नीट आला नाही, देणाऱ्याचा हात तिच्या तोंडावर आला होता. म्हणून तिच्याकडून ब्लँकेट परत घेतले आणि पुन्हा दिले. तोही हलला. तिसऱ्यांदा ब्लँकेट परत मागितले तेव्हा तिला वाटले, आपल्याला ते मिळणारच नाही. तिने ते छातीशी घट्ट धरले आणि द्यायला नकार दिला. आम्ही सगळे हसलो. ती रडू लागली.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील उजव्या आणि डाव्या हाताची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. आमच्या बाबतीत डाव्या हाताला कळण्याचा प्रश्नच नव्हता, डाव्या हातात मोबाइल होता.

आणखी एक गोष्ट. ब्लँकेटे ठेवायला कोठीची खोली उघडली तेव्हा तिथे आधीच ब्लँकेटांची थप्पी होती. आमच्या आधीच्या दोन रविवारी आणखी दोन गट येऊन गेले होते. त्यांनीही ब्लँकेटेच आणली होती. नाताळ म्हणजे थंडी आणि थंडी म्हणजे ब्लँकेट, हे सर्वांनाच सुचते. सिस्टर इतक्या सौजन्याने वागल्या की, त्यांना काय हवे होते हे त्यांनी त्या दिवशीही सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही. पुढे जानेवारीत फोन केला तेव्हा कळले की मुलांना पायात घालायला काही नव्हते आणि विहिरीवरचा पंप बंद होता.

रस्त्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी परतताना, अंधार पडता पडता, विक्रमगडच्या अलीकडे आमचा एक साथी वळणावर वाळूवरून घसरला. गळ्याचे हाड मोडले. तो रांगेत शेवटचा होता. गटाने गाड्या चालवताना असे होते की पुढच्याने वेग थोडा वाढवला तरी मागच्याला रांग गाठण्यासाठी खूपच वाढवावा लागतो. पुढच्याला त्याचा पत्ताही नसतो. सहा आठवडे तो कामावर जाऊ शकला नाही. हॉस्पिटलचे बिल आम्ही वाटून भरले. त्याच्या घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, ''देवाच्या कामाला गेला होता ना? मग दोष तरी कोणाला देऊ?'' या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. तो देवाच्या कामाला गेला होता खरा, पण पडला तो देवाच्या कामामुळे नव्हे, आमच्या घाईमुळे. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील वागणुकीविषयी एक मार्गदर्शिका काढली होती. वाहनचालकांसाठी दहा आज्ञा म्हणून ती वर्तमानपत्रांत गाजली, काहींनी थट्टाही केली. तिची सुरुवात पाचव्या आज्ञेने, खून करू नको या आज्ञेनेच होते. आणि वाहन हे सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये असेही तिच्यात बजावले आहे. सव्वीस गाड्यांची रांग चौकातून जाताना दोघांनी पुढे जाऊन बाकीची वाहतूक हात दाखवून थांबवायची, ही आमची पद्धत होती. चांगल्या कामाला निघालो आहोत म्हणून रस्ता आपला, असे आम्हाला वाटत असे. थांबलेल्यांत कोणी रुग्ण घेऊन जात असेल, हे मनातही आले नाही.

त्या नाताळानंतर आमच्या गटात चांगलेच भांडण झाले. दोघे म्हणाले, बंदच करा, पैसे बँकेतून पाठवा. काका म्हणाले तेच खरे. दुसरा पक्ष म्हणाला, थोडे चुकले म्हणून चांगले काम सोडायचे का? दोन्ही बाजूंत तथ्य होते आणि दोन्ही बाजूंचे आवाज चढले होते.

बँकेतून पैसे पाठवणे हा मार्ग स्वच्छ आहे. वेळ वाचतो, पेट्रोल वाचते, कोणाचे हाड मोडत नाही, कोणत्या मुलीला रडावे लागत नाही. पण मग आमच्यातल्या किती जणांनी पाठवले असते? एक प्रयोग झाला. त्या फेब्रुवारीत पंपाच्या दुरुस्तीसाठी आम्ही फक्त निरोप पाठवला, ''ज्याला जमेल त्याने पैसे द्यावेत.'' सव्वीसपैकी नऊ जणांनी दिले. बाकीचे वाईट नव्हते, विसरले. सोबत नसली की माणूस विसरतो. आमच्यात एक जण आहे, जो लग्नानंतर अनेक वर्षे चर्चची पायरी चढला नव्हता. तो केवळ गाडीसाठी आला. पटांगणात पवित्र पाणी अंगावर पडले तेव्हा त्याने कित्येक वर्षांनी क्रूसाची खूण केली, असे त्याची बायको सांगते. आज तो रविवारी येतो, मागच्या बाकावर बसतो. हौस नसती तर तो आला असता का?

मित्रांच्या सोबतीने चांगले काम करणे यात कमीपणा नाही. प्रभूने शिष्यांना दोन-दोन करून पाठवले. व्हिन्सेंट डी पॉल संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली ती फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मूठभर मित्रांनी. फरक इतकाच की ते गरिबांच्या घरी जात आणि पुन्हा पुन्हा जात.

आम्हाला वाट सापडली ती मात्र संत पौलाच्या पत्रांत, आणि तीही एका अगदी व्यावहारिक सूचनेत. जेरुसलेमच्या गरीब बंधूंसाठी पौल ठिकठिकाणी वर्गणी गोळा करत होता. त्याने थोडी चढाओढही लावली होती. मासेदोनियातले लोक गरीब असून कसे सढळ हाताने देतात, हे तो करिंथकरांना मुद्दाम ऐकवतो! पैशांच्या बाबतीत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून सोबत विश्वासू माणसे पाठवतो. पण पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो सांगतो की, मी आल्यावर वर्गणी गोळा करायची धावपळ नको. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे थोडे बाजूला काढून ठेवावे. म्हणजे दान आधी, पाहुणा नंतर. आमच्याकडे नेमके उलटे होते. पाहुणे आधी, त्यांची मिरवणूक आधी, दान त्यांच्या मागून.

मागून म्हणजे अक्षरशः मागून. एक गोष्ट अजून सांगितलीच नाही. ब्लँकेटे, वह्या, खाऊ यांतले काहीही आमच्या मोटारसायकलींवरून कधी गेले नाही. बुलेटवर पंचवीस ब्लँकेटे कशी बांधणार? सामान दर वर्षी एका छोट्या टेम्पोतून जात असे. टेम्पोवाला नालासोपाऱ्याकडचा, ख्रिस्ती नव्हे. भाडे ठरवून घेतलेला माणूस. आम्ही मिसळ खात होतो तेव्हा तो वसतिगृहात पोचला होता. पहाटे पाचला निघून नऊला. आम्ही हनुमान पॉइंटवर होतो तेव्हा त्याने एकट्याने सामान उतरवले. मुले व्हरांड्यात ताटकळत बसलेली पाहून तो गावातल्या दुकानात गेला आणि पार्ले-जीचे पुडे घेऊन आला. नव्वद मुलांना पुरतील एवढे. सकाळी चहाशिवाय पोटात गेले ते तेवढेच. हे आम्हाला सिस्टरांनी जानेवारीत फोनवर सांगितले, पंपाचे बोलणे झाल्यावर, सहज. आमच्या दोनशेहून अधिक फोटोंपैकी एकाही फोटोत तो नाही. आम्ही शोधून पाहिले.

लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोनीकडेही वाहन होते. रस्त्यात पडलेल्या माणसाला त्याने आपल्या जनावरावर बसवले असे तिथे लिहिले आहे. म्हणजे तो स्वतः खाली उतरला असला पाहिजे आणि पायी चालला असला पाहिजे. ही गोष्ट इतक्या वेळा ऐकूनही हा बारकावा आमच्या कधी लक्षात आला नव्हता.

आता आम्ही काय करतो ते थोडक्यात. राइड बंद केलेली नाही. जाण्यापूर्वी महिनाभर आधी सिस्टरांना काय हवे ते विचारतो आणि तेच नेतो. गेल्या खेपेला चप्पल-बूट नेले, मापे आधी मागवून. मुलांचे फोटो काढत नाही. टी-शर्ट आणि फलक गेले. चार-चारच्या तुकड्यांनी निघतो, चौक अडवत नाही, अंधाराआधी घाट उतरतो. आणि एक नियम केला आहे, त्याला आम्ही 'पेट्रोलाइतके' म्हणतो. जेवढ्याचे पेट्रोल टाकीत टाकायचे तेवढेच पैसे वसतिगृहाच्या डब्यात टाकायचे, आणि तेही एकदम नव्हे, वर्षभर दर रविवारी थोडे थोडे.

याचा परिणाम सगळाच गोड झाला असे नाही. गेल्या वर्षी सव्वीसचे अकराच उरले. लोकांकडून येणारी वर्गणीही घटली. फोटो नाहीत, त्यामुळे गाजावाजा नाही. गाजावाजा नाही, त्यामुळे शेजारच्या धर्मग्रामातून येणारे पैसे आले नाहीत. 'पेट्रोलाइतके'च्या डब्याने ती तूट पूर्ण भरून निघाली नाही. आमच्यातला जो शिक्षक आहे तो अजून म्हणतो की, पंधरा माणसे आणि वीस-पंचवीस हजार रुपये गमावून आपण आपली मने स्वच्छ केली, पण मुलांच्या पदरात कमी पडले. त्याला काय उत्तर द्यावे, यावर आमचे अजून एकमत नाही. मुलांनी स्वच्छ मनांची मागणी केली नव्हती, चपलांची केली होती. दुसरीकडे, ती ब्लँकेटवाली मुलगी आता पाचवीत आहे. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ती खांबाआडून पाहत होती. कोणाच्याही हातात मोबाइल नाही हे दिसल्यावर बाहेर आली आणि एका गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला.

काकांना आम्ही हा सगळा वृत्तांत सांगितला. ते म्हणाले, ''आवाज थोडा कमी झालाय खरा.'' आणि खिशातून शंभराची नोट काढून डब्यात टाकली. पेट्रोल लागत नसलेल्या माणसाने 'पेट्रोलाइतके' किती द्यावे, हा हिशेब आम्ही मांडला नाही.

यंदा टेम्पोवाल्याला फोन केला. म्हटले, या वेळी तुमच्या बरोबरच निघतो, तुमच्या मागे-मागे, म्हणजे एकत्र पोचू. तो थोडा वेळ गप्प राहिला. आमचा मागचा अनुभव त्याच्या गाठीशी होताच.

''दादा,'' तो म्हणाला, ''तुम्ही या सावकाश. मी नऊला पोचतो.''